शेजाऱ्याचा रेडिओ, शेजाऱ्याचा राउटर: हवेतल्या गर्दीची शंभर वर्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

रविवारची सकाळ, विषय असा रुक्ष, आणि तरीही सभागृह भरलेलं आहे. म्हणजे घरोघरी वाय-फायनं बऱ्यापैकी छळलेलं दिसतंय. (हशा)

आमच्यापासूनच सुरुवात करतो. गोष्ट २०२० सालची. ठाण्याच्या जुन्या भागात आमची चार मजल्यांची इमारत आहे, मजल्यावर चार बिऱ्हाडं. टाळेबंदी लागली आणि जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाल्या. सकाळी आठ वाजता घरोघरी वर्ग आणि दहापासून घरोघरी ऑफिस. आमची मुलगी दर पाच मिनिटांनी आतून ओरडायची, "बाबा, बाई गोठल्या!" इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, तार तपासली, म्हणाला, "साहेब, लाइन चोख आहे." आणि लाइन खरंच चोख होती. लॅपटॉप तारेनं जोडला की सगळं सुरळीत चालायचं. तार काढून दोन पावलं मागं गेलं की पुन्हा बाई गोठायच्या.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. चार अँटेनांचा मोठा राउटर आणला. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. म्हणाले, "अहो, परवापासून आमचं नेट फार रडतंय. तुमचं कसं आहे?" आम्ही म्हटलं, "आमचं बरं आहे की, काका." पुढच्या आठवड्यात काकांनी सहा अँटेनांचा राउटर आणला. (हशा)

या प्रसंगानंतर आम्ही वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की हे भांडण नवं नाही. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, घरात पहिल्यांदा रेडिओ आला तेव्हा, शेजाऱ्याशेजाऱ्यांत हेच झालं होतं. यावर आजवर तीन तऱ्हेचे उपाय झाले. एक, सरकारचा परवाना. दोन, यंत्राला लावलेली शिस्त. तीन, शेजाऱ्यांनी आपसात केलेली समजूत. आज या तिघांचा इतिहास पाहू, आणि शेवटी पुन्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात येऊ.

शिट्ट्या मारणारे रेडिओ

नोव्हेंबर १९२२ मध्ये लंडनला बीबीसीचं प्रक्षेपण सुरू झालं. तेव्हा ती खासगी कंपनी होती. रेडिओ ऐकायला वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना लागायचा, आणि १९२६ च्या अखेरीस असे परवाने घेणारे वीस लाखांच्या पुढे गेले होते. विकतचा संच महाग, म्हणून असंख्य लोक सुटे भाग आणून घरीच रेडिओ जोडत.

या संचांत एक युक्ती होती. त्या काळी व्हॉल्व्ह महाग. एकाच व्हॉल्व्हमधून जास्तीत जास्त काम काढायचं, तर त्यातून बाहेर पडलेला सिग्नल थोडासा परत त्याच्याच तोंडाशी आणून सोडायचा. तो पुन्हा वाढतो, पुन्हा परत येतो, आणि क्षीण आवाजही ऐकू यायला लागतो. अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँग या तरुणानं पहिल्या महायुद्धाच्या आधी ही युक्ती काढली. इंग्लंडात या गोष्टीला 'रिॲक्शन' म्हणत आणि तिच्यासाठी संचावर एक बटण असे.

गोम अशी की आवाज सगळ्यात चांगला यायचा तो बटण अगदी कडेपर्यंत फिरवल्यावर. आणि कड ओलांडली की संच स्वतःच लहरी निर्माण करायला लागायचा. घरातला रेडिओ ऐकण्याचं यंत्र राहायचा नाही, छोटं प्रक्षेपण केंद्र व्हायचा. छपरावरच्या एरियलमधून त्याची शिट्टी आळीभर पसरायची. तेच केंद्र ऐकत बसलेल्या सगळ्या घरांत गाण्याच्या ऐवजी कुईऽऽ असा आवाज.

आता पुढचा भाग ऐका, कारण आजच्या विषयाचं मर्म त्यात आहे. शिट्टी कोणामुळे येते ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येकाला वाटायचं, पलीकडचा करतोय. शिट्टीमुळे गाणं नीट ऐकू येईना, म्हणून माणूस काय करणार? आपलं बटण आणखी पुढं फिरवणार. म्हणजे त्याचाही संच शिट्टी मारायला लागणार. चार घरांतून दहा घरांत, दहातून आळीभर.

यावर पहिला उपाय कायद्याचा झाला. टपाल खात्यानं अट घातली की विक्रीला येणारे संच एरियलमधून असा उपद्रव करणारे नसावेत, आणि तसं तपासून त्यांवर शिक्का मारला जाई. पण घरी जोडलेल्या संचांना कसला शिक्का! दुसरा उपाय होता विनवणीचा. बीबीसीचे पहिले मुख्य अभियंता पीटर एकर्स्ले स्वतः मायक्रोफोनसमोर येऊन श्रोत्यांना हसत-खेळत समजावत, की बाबांनो, बटण एवढं फिरवू नका, शेजाऱ्याची संध्याकाळ वाया जाते. पुढं शिट्टीचा उगम शोधायला टपाल खात्याच्या गाड्याही फिरल्या. आणि तिसरा उपाय यंत्रातच झाला. अमेरिकेत लुई हेझल्टाइननं न्यूट्रोडाइन नावाची रचना १९२३ मध्ये पुढं आणली, नंतर सुपरहेटरोडाइन संच स्वस्त झाले. या संचांत सिग्नल वाढवण्याचं काम एरियलपासून वेगळं काढलेलं होतं. शिट्टी मारायची सोयच राहिली नाही, आणि दहाएक वर्षांत ही तक्रार जवळपास विस्मरणात गेली.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. म्हणजे आपल्याकडे नियमित प्रक्षेपण आलं ते हा सगळा धडा इंग्लंडात अर्धाअधिक शिकून झाल्यावर.

शिकागोचा गोंधळ

इंग्लंडात निदान प्रक्षेपण करणारी संस्था एकच होती. अमेरिकेत शेकडो होत्या. परवाना देणारं खातं वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांचं. हेच पुढं राष्ट्राध्यक्ष झाले. ते प्रत्येक केंद्राला तरंगलांबी आणि वेळ वाटून देत. शिकागोच्या झेनिथ कंपनीच्या केंद्राला आठवड्यातून एकदा, गुरुवारी रात्री दोन तास, एवढीच वेळ मिळाली. त्यांनी वैतागून कॅनडासाठी राखलेल्या जागेवर उडी मारली. खटला झाला, आणि एप्रिल १९२६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की १९१२ च्या कायद्यात मंत्र्यांना असा अधिकारच नाही.

झालं! ज्याला जी जागा आवडेल ती त्यानं धरायची, शक्ती हवी तितकी वाढवायची. पुढचे काही महिने मोठ्या शहरांत ऐकणाऱ्यांचे हाल झाले. शिकागोतच एका वृत्तपत्राच्या केंद्रानं उपनगरातल्या ओक लीव्ह्ज नावाच्या छोट्या केंद्रावर दावा लावला, की हे आमच्या अंगावर येऊन बसतात. न्यायाधीशांनी पूर्वी कुणाची वहिवाट होती ते पाहिलं, बांधाच्या भांडणात पाहतात तसं. शेवटी फेब्रुवारी १९२७ मध्ये अमेरिकेनं नवा रेडिओ कायदा केला. लहरींवर मालकी कुणाची नाही. वापरायच्या तर परवाना, ठरलेली जागा, ठरलेली शक्ती.

पुढची साठ वर्षं जगभर हेच सूत्र चाललं. आपल्याकडे १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट आला. त्यात तर परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा. इथं बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, रेडिओचं पुस्तक घेऊन दर वर्षी पोस्टात जावं लागायचं, शिक्का मारून आणायला. (प्रेक्षकांतून: 'हो, हो!') ते ऐंशीच्या दशकात बंद झालं.

परवान्याच्या पद्धतीनं गोंधळ मिटला यात शंका नाही. पण किंमतही मोजावी लागली. परवाना मिळतो तो मोठ्यांना. सामान्य माणसाच्या वाट्याला फक्त ऐकणं आलं. बोलायचं असेल तर एकतर हॅमची परीक्षा द्या, नाहीतर गप्प बसा.

टाकाऊ जागा

मग आज आपण घरात बसून, कोणाला न विचारता, राउटरमधून लहरी सोडतो ते कसं काय? त्यासाठी १९४७ सालात जावं लागेल. अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या काळात कारखान्यांत, दवाखान्यांत तापवण्यासाठी रेडिओलहरी वापरल्या जात होत्या. रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी अन्न शिजवायची भट्टीही काढली होती. ही यंत्रं संदेश पाठवत नाहीत, पण लहरी सांडतात. म्हणून त्यांच्यासाठी काही पट्टे बाजूला काढले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. पाण्याचा कण नेमका याच लहरीला थरथरतो म्हणून मायक्रोवेव्हसाठी ही जागा निवडली, असं पुष्कळदा सांगतात. ते खरं नाही. पाणी याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या लहरींनीही तापतं.

थोडक्यात, हा पट्टा गावाबाहेरच्या उकिरड्यासारखा होता. तिथं दळणवळणाचं नाजूक काम करायला कोणी जाईना. अमेरिकेच्या दळणवळण आयोगात मायकेल मार्कस नावाचे अभियंते होते. त्यांनी विचार मांडला की ज्या जागेला किंमतच नाही, ती लोकांना विनापरवाना वापरू द्या. अट एवढीच, सिग्नल एका बारीक रेषेवर कोंबायचा नाही, रुंद पसरून विरळ करायचा. बड्या कंपन्यांचा विरोध होता, तरी ९ मे १९८५ ला नियम मंजूर झाला.

इथं हेडी लामार या अभिनेत्रीचं नाव हमखास निघतं. तिनं आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकारानं १९४२ मध्ये पेटंट घेतलं होतं हे खरं. पाणतीराला दिशा देणारा संदेश ८८ जागांवर उड्या मारत पाठवायचा, पियानोच्या पट्ट्या असतात तितक्या. पण वाय-फाय तिनं शोधलं असं म्हणणं ताणलेलं होईल.

त्या १९८५ च्या मोकळीकीबरोबर एक जुनी अट कायम राहिली. तुमच्या कुठल्याही यंत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ती छापलेली असते आणि कोणी वाचत नाही. तिचा आशय असा: या यंत्रानं इतरांना हानिकारक व्यत्यय आणू नये, आणि इतरांकडून येणारा व्यत्यय सहन करावा. आपल्या देशातल्या नियमांतही हेच आहे. व्यत्यय आणायचा नाही, संरक्षण मागायचं नाही, जागा सगळ्यांची मिळून. परवाना गेला, आणि त्याच्या जागी शेजारधर्म आला.

बोलण्याआधी ऐका

पण शेजारधर्म यंत्राला शिकवायचा कसा? हे काम हवाईमध्ये सुरू झालं होतं. बेटं समुद्रानं तुटलेली, आणि विद्यापीठाचा संगणक होनोलुलूला. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओवरून जाळं उभं केलं, नाव अलोहा. सगळ्यांना जागा एकच. नियम साधा: वाटेल तेव्हा बोला, पोच आली नाही तर समजा कुणाशी तरी टक्कर झाली, मग थोडं थांबा, आणि किती थांबायचं ते दर वेळी फासे टाकून ठरवा. ही पद्धत चालली, पण गणित असं सांगतं की अशा वेळी उपलब्ध वेळेपैकी जेमतेम १८ टक्के कामी येतो. बाकीचा टकरींत आणि वाट पाहण्यात जातो.

पुढची सुधारणा आपल्या घरातली माणसंही करतात: बोलण्याआधी ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा. क्लाइनरॉक आणि तोबागी या दोघांनी १९७५ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्याच वर्षी त्यातली पाचरही दाखवून दिली. समजा, आम्ही पहिल्या मजल्यावर, काका तिसऱ्यावर, आणि मधल्या मजल्यावर एक जण दोघांचंही ऐकतोय. आम्हाला काका ऐकू येत नाहीत, काकांना आम्ही. दोघंही शांतता आहे असं समजून एकदम बोलतो, आणि मधल्याच्या कानी नुसता गोंगाट. याला 'लपलेल्या केंद्राची अडचण' म्हणतात, आणि ती आजतागायत पूर्ण सुटलेली नाही.

याच पायावर १९९० पासून एक समिती काम करत होती. अध्यक्ष व्हिक हेज, नेदरलँड्समध्ये एनसीआर कंपनीत काम करणारे. दुकानातली गल्ल्याची यंत्रं तार न ओढता जोडता यावीत, ही त्यांच्या कंपनीची गरज. १९९७ ला मानक आलं, १९९९ ला त्याची वेगवान आवृत्ती, आणि 'वाय-फाय' हे नावही त्याच सुमारास बाजारात आलं. दुकानासाठी केलेली वस्तू घरात शिरली.

एक, सहा, अकरा

आता जरा आकडे. २.४ चा पट्टा सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात चॅनेल १ ते १३ दिसतात, आणि माणसाला वाटतं, वा, तेरा खोल्या! पण या तेरा आकड्यांमधलं अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ आहे, आणि एका राउटरला लागतात साधारण २० ते २२. म्हणजे चाळीतल्या एका खोलीत तीन-चार दारं काढल्यासारखं झालं. एकमेकांवर न चढणाऱ्या जागा खऱ्या तीनच: १, ६ आणि ११.

पुष्कळांचा समज असा असतो की शेजारी ६ वर आहे ना, मग आपण ८ वर जाऊ, थोडं लांब. हे सगळ्यात वाईट. का ते सांगतो. दोघंही ६ वर असाल तर तुमचा राउटर शेजाऱ्याचं बोलणं ओळखतो, अगदी क्षीण असलं तरी, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतो. वेग निम्मा होईल, पण काम होईल. तुम्ही ८ वर गेलात की त्याचे शब्द कळत नाहीत, नुसता कलकलाट ऐकू येतो. आणि कलकलाटासाठी थांबायची मर्यादा यंत्रात बरीच सैल ठेवलेली आहे: वीस डेसिबलचा, म्हणजे शंभर पटींचा फरक. त्यामुळे तो थांबत नाही, तुम्ही थांबत नाही, आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. पाळी लावून नळावर पाणी भरणं आणि दोघांनी एकदम हंडा घुसवणं, एवढा हा फरक आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक राउटर दर सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी इथं आहे" अशी हाळी देतो. जुन्या यंत्रांनाही कळावं म्हणून २.४ वर ती पुष्कळदा सगळ्यात कमी वेगानं, १ मेगाबिटनं दिली जाते. अशी एक हाळी दोन-अडीच मिलिसेकंद खाते. एकाच चॅनेलवर दहा राउटर असतील, तर कुणी काही पाहत नसताना, वाचत नसतानाही जवळजवळ पाव वेळ फक्त "मी आहे, मी आहे" करण्यात जातो. (हशा) हसू नका, काही सोसायट्यांच्या मीटिंगा अशाच असतात.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आदित्य अकेला, ग्लेन जड, श्रीनिवासन शेषन आणि पीटर स्टीनकिस्ट यांनी २००५ मध्ये एक निबंध वाचला. अमेरिकन शहरांत घरोघरचे राउटर कसे लावले आहेत याचा त्यांनी अभ्यास केला होता. राउटर कोणी योजून लावत नाही. ज्याला हवा तो आणतो, खोक्यातून काढतो, चालू करतो. त्यामुळे असंख्य राउटर कारखान्यातून आले तसे ६ वरच बसलेले. या स्थितीला त्यांनी अंदाधुंद मांडणी म्हटलं. आणि उपाय काय सुचवला? शक्ती वाढवा असं नाही. त्यांनी राउटरला शिकवलं की घरातलं काम अडत नाही तितपत आपला आवाज स्वतःहून कमी कर.

याच्या मागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. संवाद दोन्ही बाजूंनी असतो. राउटरची शक्ती वाढवली, तर त्याचा आवाज लांब जाईल. पण मोबाइलची बॅटरी केवढी, त्याचा आवाज केवढा! तो लांबून उत्तर देतो ते राउटरला ऐकूच येत नाही. म्हणजे वाढवलेल्या शक्तीचा घरातल्यांना फायदा थोडा, आणि शेजाऱ्यांना उपद्रव पुरेपूर. १९२५ सालच्या लंडनमधलं ते रिॲक्शनचं बटण हेच.

आपल्याकडची हवा

भारतात २.४ चा पट्टा घराबाहेरही विनापरवाना मोकळा झाला जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला, सगळा मिळून ६०५ मेगाहर्ट्झ. म्हणजे आधीच्या सातपट जागा. शिवाय या लहरींना भिंती फारशा मानवत नाहीत. आपण तो दोष समजतो. दाटीवाटीच्या वस्तीत तो गुण आहे, कारण तुमचं बोलणं तुमच्याच घरात राहतं.

त्याच्याही पुढचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा. अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये तो १२०० मेगाहर्ट्झ एवढा मोकळा केला. आपल्याकडे त्यावर बराच काळ ओढाताण चालली. मोबाइल कंपन्यांना तो परवान्यावर हवा, वाय-फायवाल्यांना खुला हवा. मे २०२५ मध्ये सरकारनं खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी विनापरवाना वापराचे मसुदा नियम जाहीर केले.

इथं एक निकाल आठवावा लागेल. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठाचा एक निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला. लहरी लोकांच्या, हे कायद्यानं मान्य झालं. पण सामान्य माणसाला या मालमत्तेचा जो थोडासा हिस्सा प्रत्यक्ष हाताळायला मिळतो, परवाना नाही, लिलाव नाही, भाडं नाही, तो म्हणजे हे खुले पट्टे. आपण ते नासवले, तर पुढचं म्हणणं ठरलेलं आहे: "बघा, लोकांना सांभाळता येत नाही, कंपनीला द्या." सिम घ्या, पैसे भरा, आणि तुमच्याच घरातल्या दोन खोल्यांमध्ये बोला. ज्या घरात एका कनेक्शनवर चार मुलं शिकतात, त्यांना हे परवडणारं नाही. म्हणून आम्हाला हा विषय केवळ तांत्रिक वाटत नाही.

यंत्रांची शिस्तही दरम्यान वाढली. ब्लूटूथ ७९ जागांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि २००३ पासून ते गर्दीच्या जागा लक्षात ठेवून टाळायला शिकलं. वाय-फाय ६ मध्ये प्रत्येक घराच्या जाळ्याला एक 'रंग' मिळतो, म्हणजे १ ते ६३ मधला एक आकडा. संदेशाच्या सुरुवातीलाच तो दिसतो. रंग परका असेल आणि आवाज क्षीण असेल, तर राउटर त्याच्याकडे दुर्लक्ष करून बोलू शकतो. मात्र नियमात एक मेख आहे. शेजाऱ्याकडे जितकं जास्त दुर्लक्ष करायचं, तितकी आपली शक्ती कमी करायची. शेजाऱ्याचं ऐकायचं नसेल तर निदान आपण हळू बोला. शंभर वर्षांनी एकर्स्ले यांची विनवणी यंत्राच्या नियमांत जाऊन बसली, असं म्हणायला हरकत नाही.

गच्चीवरची बैठक

आता आमच्या जिन्यात येऊ. आमच्या नव्या राउटरनं काकांचं काय बिघडवलं होतं? आम्ही मोबाइलवर एक साधं ॲप घेऊन पाहिलं. त्या राउटरनं कारखान्यातून येतानाच दुप्पट रुंदीची, ४० मेगाहर्ट्झची जागा धरली होती. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग आम्ही एकटे अडवून बसलो होतो. आणि काकांच्या नव्या राउटरनं उरलेला अर्धा. (हशा) दोष काकांचा नव्हता, आमचा होता, आणि तो आधी आमचा होता हे काकांना सांगायला आम्हाला आठ दिवस लागले.

मग एका संध्याकाळी मास्क लावून गच्चीवर बसलो. आम्ही, काका, आणि ज्यांच्या घरी मुलं होती असे बाकीचे. खर्च काही नव्हता. सगळ्यांनी २.४ ची रुंदी २० केली. १, ६, ११ हे तीन आकडे असे वाटले की वर-खाली आणि भिंतीला भिंत लागून एकच आकडा येणार नाही. ज्यांच्या मोबाइलला ५ गिगाहर्ट्झ चालत होतं त्यांनी तिकडं जायचं ठरवलं. टीव्हीला तार जोडली. जो टीव्ही जागचा हलत नाही, त्यानं हवा कशाला वापरायची? राउटर जिन्याकडच्या भिंतीवरून काढून घराच्या मध्यावर आणले, आणि शक्ती 'हाय'वरून 'मीडियम'वर. आकडे कागदावर लिहून मीटरच्या पेटीशेजारी चिकटवले. दोन घरांनी ऐकलं नाही. तरीही फरक पडला. बाई गोठायच्या पूर्ण थांबल्या असं नाही, पण दर पाच मिनिटांनी ऐकू येणारी ती हाक आठवड्यातून एखाद-दोन वेळांवर आली.

तो कागद अजून तिथं आहे. नवं बिऱ्हाड आलं की वॉचमन त्यांना पाण्याची वेळ सांगतो, कचऱ्याची वेळ सांगतो, आणि चॅनेलचा आकडाही सांगतो.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: शेजारी ऐकतच नसेल तर?

उत्तर: तर आधी आपण करायचं. ५ गिगाहर्ट्झवर जा, जे तारेनं जोडता येईल ते तारेनं जोडा, आपली रुंदी आणि शक्ती कमी करा. यातला फायदा बहुतेक तुमचाच आहे. मग ॲपवरचं चित्र घेऊन त्यांच्या दारात जा. "तुमच्यामुळे आमचं बिघडतं" असं म्हणू नका. "आपल्या दोघांचंही सुधारेल" असं म्हणा. चहाला थांबवतीलच.

प्रश्न: आपोआप चॅनेल निवडणारे राउटर असतात ना? मग हे सगळं कशाला?

उत्तर: असतात, आणि ज्याला यात पडायचं नाही त्यानं ती सोय जरूर चालू ठेवावी. पण राउटरला स्वतःच्या जागेवरून दिसतं तेवढंच कळतं. पलंगाशेजारी तुमच्या मोबाइलला कोण त्रास देतंय ते त्याला दिसत नाही. शिवाय काही राउटर सुरू होताना एकदाच पाहतात आणि नंतर तिथंच बसून राहतात. दिवे गेले आणि आले की सगळ्या इमारतीतले राउटर एकाच क्षणी जागे होतात, एकाच क्षणी मोकळी जागा बघतात, आणि सगळे एकदमच तिथं जातात. मोकळा डबा दिसल्यावर फलाटावर काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

वेळ संपली आहे. खाली ज्यांना आपापल्या मोबाइलवर आपल्या आळीची हवा पाहायची असेल त्यांनी थांबावं, आम्ही दाखवू.